डोक्यावरची बॅटरी आणि अण्णांचं रात्रीचं पाणी

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ती वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? चला मग.

आजचा भाग एका छोट्याशा वस्तूवर आहे. हेडलॅम्प, म्हणजे पट्ट्यानं डोक्याला बांधायचा दिवा. तुमच्यातले ट्रेकवाले हसत असतील, की यात सांगण्यासारखं काय आहे? कळसूबाईला रात्री दोन वाजता चढायला सुरुवात करताना प्रत्येकाच्या कपाळावर एक असतोच. पण आज मी ट्रेकची गोष्ट सांगणार नाहीये. हेडलॅम्प निवडताना मी केलेली एक चूक सांगणार आहे. ती चूक मला नाही, माझ्या वडिलांना महागात पडली असती.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचं गाव वाळवा तालुक्यात, सांगली जिल्हा. घरचा ऊस आहे. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, शेतीच्या मोटरला लागणारी थ्री-फेज लाइट दिवसभर नसते. ती पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी रात्रीच रानात जातो, मोटर चालू करतो आणि दारं धरतो. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवणं. एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून ती बंद करायची, पुढची फोडायची. हे रात्रभर चालतं. पायाखाली चिखल, आजूबाजूला डोक्यापेक्षा उंच ऊस, सरीत पडलेलं पाचट, आणि त्या पाचटात काय बसलंय ते कुणालाच माहीत नाही. मण्यार रात्रीच फिरते. घोणसही बहुतेक रात्रीच बाहेर पडते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हे काम वर्षानुवर्षं हातातल्या बॅटरीवर करत आलेत. आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, त्यामुळे आज माझा थोडा गोंधळ होईल, सांभाळून घ्या. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं. माती ओढायची म्हटलं की बॅटरी काखेत नाहीतर दातात धरायची. ते बघून मला वाटलं, अरे, यांना हेडलॅम्प हवा! दोन्ही हात मोकळे.

मग मी ते केलं जे आपल्यापैकी प्रत्येक इंजिनिअर करतो. एका रविवारी बारा टॅब उघडले, लुमेन बघितले, तास बघितले, फीचर्स मोजले. एक दिवा निवडला. खोक्यावर लिहिलेलं होतं ३५० लुमेन, फुल ब्राइटवर ४ तास, पाच मोड, आणि सगळ्यात भारी म्हणजे सेन्सर! दिव्यासमोर हात हलवला की दिवा लागतो, परत हलवला की बंद. मला वाटलं, चिखलाचे हात असलेल्या माणसासाठी याहून चांगलं काय असणार? बटणाला हातच लावायला नको. मी खूश. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण असे दिवे डझनभर नावांनी मिळतात आणि मुद्दा कंपनीचा नाहीये.

दिवाळीत दिवा गावी नेला. अण्णांनी डोक्याला बांधून बघितला, "झ्याक हाय की" म्हणाले. मी पुण्याला परत आलो.

दोन महिन्यांनी गेलो तर दिवा सोप्यातल्या खुंटीला टांगलेला, वर धूळ. अण्णा जुनी बॅटरी घेऊन रानात. मी विचारलं, तर म्हणाले, "असू दे रं, सवय न्हाई मला." मी गप्प बसलो. रात्री आईनं खरं सांगितलं. म्हणाली, "एकदा मधी दिवाच गेला त्यांचा. अंधारात हुबं र्‍हायले. पाचटातनं फुसकारा आला म्हणं, कुकरच्या शिट्टीवानी. तवापासनं त्यो दिवा घेत न्हाईत. तुला सांगू नको म्हणाले, वाईट वाटंल म्हणून."

मंडळी, कुकरच्या शिट्टीसारखा फुसकारा घोणस काढते. अण्णा जागचे हलले नाहीत, चाचपडत बटण दाबलं, दिवा लागला, हळूच मागं सरले. काही झालं नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या रात्री मी अण्णांबरोबर रानात गेलो. दिवा माझ्या डोक्याला. म्हटलं, बग आहे तर आधी रिप्रोड्यूस करू. आणि वीस पावलांत तो रिप्रोड्यूस झाला! उसात शिरलो, एक पात कपाळासमोरून सरकली आणि दिवा बंद. दुसरी पात सरकली, दिवा चालू. पुन्हा बंद. अण्णा मागून हसले आणि म्हणाले, "तुझी ही बॅटरी लय शानी हाय. पान हाललं की डोळं मिटती."

असं का होतं, तर हा सेन्सर हात ओळखत नाही. दिव्याच्या शेजारी एक छोटा इन्फ्रारेड एलईडी असतो, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तो सतत सोडत असतो. शेजारीच एक रिसीव्हर असतो. समोर जवळ काहीतरी आलं, प्रकाश परत आला, की सर्किट समजतं हात आला. आता समोर आलेला हात आहे, उसाची पात आहे, टोपीची कड आहे की पुढे चालणाऱ्या मित्राची सॅक आहे, त्याला काय माहीत? स्वयंपाकघरात ओट्यापाशी हा सेन्सर उत्तम चालेल. उसात नाही. कारवीच्या झाडीतही नाही. ट्रेकवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे.

तुम्ही म्हणाल, मग सेन्सर बंद ठेवायचा. बरोबर. अण्णांनी तो चालू केलाच नव्हता! मग चालू कसा झाला? इथे मला खरा मुद्दा कळला. त्या दिव्याला वरच्या बाजूला दोन बटणं होती. एक मुख्य, एक सेन्सरचं. दोन्ही एकाच आकाराची, एकमेकांना चिकटून. बोटाला चिखल, वर थंडी, दाबलं चुकीचं बटण. सेन्सर चालू झाला की दिव्याच्या पुढच्या बाजूला एक हिरवी टिकली लागते. म्हणजे डिझाइन करणाऱ्यानं विचार केला होता, वापरणाऱ्याला कळावं म्हणून इंडिकेटर दिला होता. पण कुठे? कपाळावर! सांगा, स्वतःच्या कपाळावरची टिकली आरशाशिवाय कुणाला दिसते?

हेडलॅम्प ज्याच्या डोक्यावर असतो, त्यालाच तो दिसत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मोबाइलचं ॲप बनवताना आपण सगळं स्क्रीनवर दाखवतो, इथे स्क्रीनच नाही. त्यामुळे दिवा कुठल्या मोडमध्ये आहे, सेन्सर चालू आहे का, चार्ज किती उरलाय, हे सगळं बोटांनी कळलं पाहिजे नाहीतर समोर पडलेल्या उजेडावरून. खोक्यावरचे आकडे त्याच्यानंतर.

मग पुण्याला तो दिवा परत आणला आणि दोन आठवडे त्याच्या मागे लागलो. काय काय मोजलं ते सांगतो, कारण हे तुम्हीही घरी करू शकता.

पहिली चाचणी, डोळे मिटून बटणं. रूममेटला दिवा दिला, डोळ्यांवर रुमाल बांधला, हात ओले केले आणि सांगितलं, मंद उजेड लाव. आता पूर्ण लाव. आता बंद कर. तर या दिव्याचा क्रम असा होता: पूर्ण, मंद, लाल, लुकलुक, एसओएस, मग बंद. म्हणजे मंद उजेडावरून दिवा बंद करायचा तर मध्ये लुकलुक झेलायची. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर दर वेळी आधी पूर्ण उजेड. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती एका झगझगीत प्रकाशात जाते. त्यामुळे दिवा मंद उजेडानं सुरू झाला पाहिजे. रूममेट सहापैकी चार वेळा चुकला. तोही इंजिनिअर आहे बरं का.

दुसरी चाचणी, दिवा किती वेळ चालतो. यासाठी फोन पुरतो. बहुतेक फोनमध्ये लाइट सेन्सर असतो, लक्स मोजणारं कुठलंही साधं ॲप घ्या. मी बाथरूम बंद केलं, दिवा छताकडे तोंड करून बादलीवर ठेवला, फोन शेजारच्या स्टुलावर. एक लक्षात ठेवा, हा आकडा म्हणजे लुमेन नाही. फक्त सुरुवातीच्या तुलनेत उजेड किती उतरला ते कळतं. म्हणून मध्ये काहीही हलवायचं नाही.

पूर्ण उजेडावर माझे आकडे असे आले. सुरुवातीला १८०. वीस मिनिटांनी १३१. एका तासानं ७४. दोन तासांनी ३८. तीन तासांनी २२. आणि पावणेचार तासांच्या आसपास १८. म्हणजे सुरुवातीच्या दहा टक्के.

आता गंमत ऐका. टॉर्च आणि हेडलॅम्पसाठी एफएल-१ नावाचं एक मानक आहे. त्यात किती तास चालतो हे मोजताना घड्याळ तेव्हा थांबतं, जेव्हा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे खोक्यावरचे ४ तास जवळपास खरे होते! पण ते ४ तास ३५० लुमेन नव्हते. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त उजेड गेला, आणि शेवटचा तास ज्याला आपण उजेड म्हणणार नाही अशा उजेडाचा.

हे खरं तर मोजायचीही गरज नव्हती. एक ढोबळ हिशेब सांगतो, लिहून घ्या. सेलवर लिहिलेलं होतं १२०० मिलिअँपिअर-अवर आणि ३.७ व्होल्ट. १.२ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ४.४ वॉट-अवर. अशा दिव्यांत एका वॉटमागे ढोबळमानानं १०० लुमेन मिळतात असं धरा. म्हणजे तुमच्याकडे एकूण ४४० लुमेन-तास आहेत. ३५० लुमेननं खर्च केलेत तर सव्वा तास. ४० लुमेननं केलेत तर अकरा तास. पैशांसारखंच आहे हे, पगार ठरलेला आहे, कसा उडवायचा ते तुम्ही ठरवा. माझे लक्सचे आकडे बेरजेला घेतले तर तेही सव्वा तासाच्या पूर्ण उजेडाएवढेच भरले.

आणि हो, १८६५० हा जो बोटभर लांबीचा सेल या दिव्यांत येतो, त्यावर ९८०० वगैरे मिलिअँपिअर-अवर लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढे जा. या आकाराचा चांगला सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. ९८०० ही नुसती छपाई आहे.

मंद मोडवर हाच दिवा नऊ तास चाळीस मिनिटं चालला. जवळपास सारखा उजेड देत. आणि मग? एकदम गप्प. लुकलुक नाही, मंद होणं नाही. लिथियम सेल फार उतरला तर खराब होतो, म्हणून आतलं संरक्षक सर्किट त्याला कापून टाकतं. सेलसाठी ते चांगलंच आहे. पण त्या क्षणी माणूस उसात असेल तर? म्हणून दिवा किती वेळ चालतो याच्याबरोबर तो विझतो कसा हेही बघा. संपत आल्याची सूचना उजेडातून मिळाली पाहिजे, म्हणजे दोनदा लुकलुकणं किंवा आधी मंद होणं. पाठीमागच्या चार टिकल्यांचा डोक्यावर असताना काही उपयोग नाही.

तिसरी चाचणी, दिवा बंद असताना काय खातो. ही फक्त सेल बाहेर निघणाऱ्या दिव्यावर आणि मल्टीमीटर वापरता येत असेल तरच करा. मीटर सेल आणि दिवा यांच्या मध्ये, सिरीजमध्ये जोडायचा. सेलच्या दोन टोकांना थेट अँपिअरच्या रेंजमध्ये मीटर लावायचा नाही, ते शॉर्ट सर्किट होतं. मी ती चूक केली नाही, पण दुसरी केली. मिलिअँपिअरच्या रेंजवर असताना चुकून दिवा लावला आणि मीटरचा फ्यूज उडवला. बीटेक आहे मी, लक्षात असू द्या.

नवा फ्यूज घालून मोजलं. सेन्सर बंद, दिवा बंद: ०.०२ मिलिअँपिअर. नगण्य, वर्षानुवर्षं जाईल. सेन्सर चालू, दिवा बंद: २.४ मिलिअँपिअर. सेन्सर सतत इन्फ्रारेड सोडत बसतो ना, त्याचा हा खर्च. २.४ ऐकायला काहीच नाही. पण हिशेब करा. अण्णांची दिवसाची पाळी लागली, आठवडाभर दिवा खुंटीला. सात दिवस म्हणजे १६८ तास. गुणिले २.४, म्हणजे सुमारे ४०० मिलिअँपिअर-अवर. सेल १२०० चा. एक तृतीयांश चार्ज खुंटीला टांगल्या टांगल्या गेला! आणि त्या खुंटीशेजारच्या दारातून कुणी गेलं की दिवा लागत असणार, तो खर्च वेगळा.

हे सगळं घेऊन मी परत गावी गेलो आणि या वेळी आधी विचारलं. जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. अण्णांनी तीन गोष्टी सांगितल्या, एकही कुठल्या रिव्ह्यूमध्ये नव्हती.

एक, डोक्यावरच्या उजेडानं किडे तोंडावर येतात. पांढऱ्या उजेडाला जास्त. म्हणून पूर्ण उजेड रानात लावताच येत नाही.

दोन, डोक्यावरच्या दिव्यात जमीन सपाट दिसते. हे मला पटेना. मग करून बघितलं. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे वस्तूची सावली त्या वस्तूच्याच मागे लपते. हातातली बॅटरी कमरेपाशी असते, तिरकी सावली पडते, त्यामुळे खड्डा, ढेकूळ आणि हो, सापसुद्धा उठून दिसतो. अण्णांना फिजिक्सचं पुस्तक लागलं नाही.

तीन, "दिवा माझ्या मनानं लागाय पायजे, त्येच्या मनानं न्हाई."

मग दुसरा दिवा घेतला. सेन्सर नाही. एकच बटण, मोठं, वर उचललेलं, चिखलाच्या बोटाला लागेल असं. दाबलं की मंद, दाबून धरलं की पूर्ण, परत दाबलं की बंद. बस्स. सेल ३००० चा, बाहेर काढता येणारा, आणि एक जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे खिशातल्या किल्ल्यांना लागून शॉर्ट होणार नाही. संपत आला की उजेड तीनदा लुकलुकतो. पाण्याच्या शिंतोड्यांना चालेल इतपत, म्हणजे आयपीएक्स ४. लुमेन पहिल्यापेक्षा कमी आहेत. किंमत जवळपास तेवढीच.

अण्णा आता तो डोक्याला बांधतात आणि जुनी बॅटरीही कमरेला अडकवतात. हात मोकळे हवे तेव्हा डोक्यावरचा, पाचटात पाय टाकायच्या आधी हातातली. गमबूट आणि काठी आहेतच. दिवा म्हणजे चिलखत नाही. आणि कुणाला साप चावलाच तर दोरी आवळणं, चिरणं, मांत्रिक हे काही नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि सरळ प्रतिसर्पविष मिळेल त्या दवाखान्यात न्यायचं.

आणि एक मान्य करतो. यावर खरं उत्तर हेडलॅम्प नाहीच. खरं उत्तर म्हणजे शेतीला दिवसा लाइट. राज्यात सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये त्यासाठीच सुरू झाली. आमच्या फीडरला ती पाळी येईल तेव्हा येईल. तोवर अण्णा रात्री रानात जाणार आहेत, आणि तोवर दिवा नीट हवा.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्याकडे हेडलॅम्प असेल तर आज रात्री खोलीतला लाइट बंद करा, हात ओले करा, डोळे मिटा आणि मंद, पूर्ण, बंद एवढं करून बघा. तीनपैकी एकदा जरी चुकलात तरी तो दिवा पुढच्या ट्रेकला नेण्याआधी सराव करा. सेन्सर असेल तर सॅकमध्ये टाकताना तो बंद आहे का ते बोटांनी तपासा. सेल निघत असेल तर काढूनच ठेवा. आणि घरच्या कुणासाठी दिवा घेणार असाल, तर बारा टॅब उघडायच्या आधी त्यांना एक फोन करा. मी केला असता तर आईला माझ्यापासून काही लपवावं लागलं नसतं.

परवा अण्णांना फोन केला होता. रात्रीची पाळी चालू आहे. विचारलं, नवीन दिवा कसा वाटतो? म्हणाले, "बरा हाय. मी लावला की लागतो, न्हाईतर गप बसतो."

एवढंच मंडळी. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रात्री बाहेर असाल तर पायाखाली बघून चाला.